'गिळली' हा शब्द खटकला

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला गिरगावच्या रित्या होत चाललेल्या चाळींवरचा लेख वाचला. माझं बालपण ठाकूरद्वारला गेलं, त्यामुळे वाचताना जीव खालीवर झाला हे आधी कबूल करतो. पण लेखकमहाशयांनी जाता जाता एक वाक्य टाकलं आहे: 'मॉन्ट्रियलची ग्रीक वस्तीही अशीच आशियाई लोंढ्याने गिळली.' त्या लोंढ्यात मीही होतो. १९९६ पासून त्याच वस्तीत राहतो आहे, म्हणून हे पत्र.

वस्तीचं नाव पार्क एक्स्टेन्शन, बोलताना नुसतं 'पार्क एक्स'. जागा जेमतेम दीड चौरस किलोमीटर आणि माणसं तीस हजारांच्या आसपास. दोन बाजूंना रेल्वेचे रूळ, उत्तरेला महामार्ग आणि पश्चिमेला तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे माउंट रॉयल नावाचं श्रीमंतांचं गाव. १९६० साली त्यांनी ते घातलं, पोरं रहदारीत धावत जाऊ नयेत म्हणून, असं सांगितलं जातं. हॅलोविनच्या रात्री त्याची फाटकं बंद ठेवली जात, म्हणजे आमच्या बाजूची पोरं गोळ्या-चॉकलेटं मागायला तिकडे जाऊ नयेत. आधी ग्रीकांची पोरं बाहेर राहिली, मग आमची. गिळण्याचीच भाषा करायची तर सुरुवात त्या कुंपणापासून करावी लागेल.

आमच्या घरमालकीणबाई ग्रीसच्या पेलोपोनीज भागातल्या एका खेड्यातल्या. यादवी युद्ध १९४९ साली संपलं, पण गावात खायला नव्हतं. साठच्या दशकात त्या जहाजाने कॅनडाच्या हॅलिफॅक्स बंदरात एकवीस नंबरच्या धक्क्यावर उतरल्या. मॉन्ट्रियलमध्ये मामा होता. एकाने यायचं, हातपाय टेकले की भावाला, मेहुणीला बोलवायचं, हीच तऱ्हा. (कोकणातून मुंबईत आलेल्यांना हे समजावून सांगायला नको.) पुढे १९६७ ते ७४ ग्रीसमध्ये लष्कराची राजवट आली, तेव्हाही माणसं येतच राहिली. बाई शाबानेल रस्त्यावरच्या कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर बसल्या, नगावर मजुरी. नवरा हॉटेलात भांडी घासता घासता स्वयंपाकी झाला. पै-पै जमवून त्यांनी बाहेरून जिना असलेलं तीन मजली घर घेतलं. तळाला स्वतः राहायचं आणि वरचे दोन मजले भाड्याने देऊन कर्ज फेडायचं, असा हिशोब. त्यातला मधला मजला आमचा.

आमच्या मुलीने त्यांना पहिल्या वर्षापासून 'याया' म्हटलं, म्हणजे ग्रीकमध्ये आजी. मागच्या अंगणात त्यांचा द्राक्षांचा मांडव होता. एकदा बायकोने ज्याँ-तालाँ रस्त्यावरच्या बांगलादेशी दुकानातून अळू आणून वड्या केल्या आणि ताटलीभर खाली पाठवल्या. याया सुरळी उलगडून आतलं बेसन बघत राहिल्या. मग फ्रिजमधून द्राक्षाच्या पानांत भात वळलेले दोलमादेस काढून शेजारी ठेवले आणि हातवाऱ्यांनी विचारलं: यात भात नाही? बायकोचं इंग्रजी तेव्हा बेताचं आणि त्यांचं तिच्याहून बेताचं. तरी पान कोवळं हवं आणि शिरा काढायला हव्यात, यावर दोघींचं दहा मिनिटांत एकमत झालं.

त्यांच्या मोठ्या मुलाला फ्रेंच येत नाही, हीही एक गंमतच. पूर्वी क्युबेकात, म्हणजे आमच्या फ्रेंचभाषी प्रांतात, सरकारी शाळा कॅथलिक नाहीतर प्रोटेस्टंट. ऑर्थोडॉक्स ग्रीकांची मुलं प्रोटेस्टंट शाळांत गेली आणि इंग्रजी झाली. १९७७ साली भाषेचा कायदा आला, तेव्हापासून बाहेरून आलेल्यांची मुलं फ्रेंच शाळेत. परिणाम असा की महापालिकेची फ्रेंच पत्रं यायांना आमची मुलगी वाचून दाखवायची.

आता ग्रीक गेले ते का? मुलं शिकली, मोटारी आल्या, गॅरेज आणि हिरवळ हवीशी वाटली. शेजारच्या लावाल शहरातल्या शोमडे भागात घरं मिळत होती, तिकडे गेले. आमच्या चाळीतले अर्धे लोक डोंबिवलीला गेले, त्यांना तरी कोणी हाकललं होतं? रिकाम्या झालेल्या मजल्यांवर पंजाबी, बांगलादेशी, पाकिस्तानी, श्रीलंकेतले तमिळ आले. आम्ही नसतो आलो तर ज्याँ-तालाँवरच्या निम्म्या दुकानांची दारं तेव्हाच बंद झाली असती.

आणि गेलेले पूर्ण जात नाहीत. मार्चमध्ये ग्रीक स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक आजही याच रस्त्यावरून निघते. चुण्यांचे पांढरे घागरे घातलेले पुरुष साड्यांच्या दुकानांसमोरून झेंडे घेऊन जातात आणि शोमडेहून आलेली मंडळी पार्किंग मिळत नाही म्हणून कुरकुरत असतात. ईस्टरच्या मध्यरात्री चर्चमधली ज्योत विझू न देता घरी आणायची आणि तिच्या काजळीने दाराच्या चौकटीवर क्रूस काढायचा, असा त्यांचा रिवाज. याया आपलं दार झालं की जिना चढून आमच्या चौकटीवरही काढत. शेजारी आमचं दिवाळीतलं कुंकवाचं स्वस्तिक. २०१५ साली ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं चर्च आगीत गेलं, तेव्हा त्या फुटपाथवर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि समोरच्या सरदारजींनी न विचारता त्यांच्या हातात चहा दिला.

लेखकांना गिळणारं कोणी शोधायचंच असेल तर पुढे बघावं. २०१९ मध्ये रुळांपलीकडच्या जुन्या यार्डाच्या जागेवर मॉन्ट्रियल विद्यापीठाचा नवा विज्ञान परिसर सुरू झाला. विद्यापीठाला माझा विरोध नाही, मुलगी तिथेच शिकली. पण भाडी अशी चढली की विचारू नका. इथले बहुतेक करार ३० जूनला संपतात आणि १ जुलैला अर्धं शहर गाद्या-फ्रिज घेऊन रस्त्यावर असतं. त्याआधी घरमालकांची पत्रं येऊ लागली: मोठी दुरुस्ती करायची आहे, जागा सोडा. आमच्या गल्लीत असं पत्र आलं दोघांना. एक पंजाबी टॅक्सीवाला आणि दुसरी ऐंशीच्या घरातली ग्रीक विधवा, चाळीस वर्षांची भाडेकरू. सगळे ग्रीक काही घरमालक नव्हते. दोघं एकाच बाकावर बसून भाडेकरू समितीच्या कार्यकर्तीकडून अर्ज भरून घेत होती.

यायांच्या मुलांनीही घर विकलं आणि त्यांना शोमडेला नेलं. नव्या मालकाने आम्हालाही तसंच पत्र दिलं. आम्ही समितीकडे गेलो आणि वाढीव भाड्यावर टिकलो. द्राक्षाचा मांडव गेला, चौकटीवर पांढरा रंग आला. गेल्या ईस्टरला याया मुलाच्या गाडीतून आल्या होत्या. जिना चढवला नाही, खालूनच आमच्या दाराकडे बोट करून मुलाला ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाल्या. तो मेणबत्ती घेऊन वर आला आणि ओशाळत विचारू लागला, "चालेल का? रंग नवा दिसतोय."

लेखमालेचं पुस्तक निघणार आहे, असं शेवटी छापलं आहे. त्यात ते एक वाक्य बदलावं, ही विनंती.

- एक वाचक, मॉन्ट्रियल