हातमोजे आधी काढा!

संपादक महोदय,

कालच्या अंकात पान चारवर परिसंवादाची बातमी वाचली. ‘स्थानिक उद्योजक विद्यार्थ्यांसाठी दारं उघडत नाहीत’ असं एक वक्ते म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. वक्त्यांचा मान राखून विचारतो, शेवटचं कोणतं दार त्यांनी ठोठावलं होतं? हिंगणा एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. चौदा माणसं, चार लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापायची यंत्रं), दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन. आमचं शटर सकाळी साडेआठला वर जातं ते रात्री आठलाच खाली येतं.

मागच्या फेब्रुवारीत एका कॉलेजचा फोन आला. नाव लिहीत नाही, त्यांनाही पुढच्या वर्षी अ‍ॅडमिशन करायच्या आहेत. इंडस्ट्रियल व्हिजिट, पंचवीस मुलं, सकाळी अकरा. मी हो म्हटलं. दोन लेथवरचं काम आदल्या रात्री थांबून उरकून घेतलं, पंचवीस प्लेट तर्री-पोहे सांगितले. बस आली साडेबाराला आणि तिच्यातून उतरले अठ्ठावन्न. पोहे कसे पुरवले ते विचारू नका.

निम्म्यांच्या पायात चपला-सँडल. पण हातात मात्र सगळ्यांच्या पांढरे कॉटनचे हातमोजे, कोरे करकरीत! सोबतच्या सरांनी कौतुकानं सांगितलं, सेफ्टी म्हणून कॉलेजनं मुद्दाम घेतले, फोटोतही छान दिसतात.

ज्यानं लेथवर एक पाळी काढली आहे त्याला विचारा. फिरत्या चकजवळ, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) धरून फिरवणाऱ्या पकडीजवळ, हातमोजा घालून कुणी उभं राहत नाही. उघड्या बोटाला फार तर चिप, म्हणजे कापून निघालेला धातूचा तुकडा, लागेल, कापेल. हातमोज्याचा धागा जॉबमध्ये अडकला की तो हातच आत ओढतो, आणि तुम्ही ओरडलात म्हणून स्पिंडल जागच्या जागी थांबत नाही. तेच दुपट्ट्याचं, मोकळ्या केसांचं, गळ्यातल्या आयकार्डाच्या पट्टीचं. एक मुलगा मोबाइल पुढे धरून चालू मशीनवर वाकला, तसे आमचे सगळ्यात जुने टर्नर ओरडले, ‘अबे पोट्टेहो, हात मांगं घ्या! काढा ते मोजे पयले, सगळेच काढा!’ मोजे पटापट निघाले. पोरं हसली, खिशात कोंबून मोकळी झाली. सरांचा चेहरा मात्र बस सुटेपर्यंत उतरलेला होता.

पंधरा दिवसांनी कॉलेजकडून दोन कागद आले. एक आभारपत्र. त्यात ‘दूध पाश्चरीकरणाची प्रक्रिया समजावून सांगितल्याबद्दल’ आमचे मनःपूर्वक आभार मानले होते. आधीच्या व्हिजिटचं पत्र, वरचं नाव तेवढं बदललेलं. त्यावर आम्ही आठवडाभर हसलो. दुसरा कागद फीडबॅकचा. त्यात सरांच्या सहीनिशी एक ओळ होती, ‘कर्मचाऱ्यांची भाषा असभ्य.’ नागपुरात ‘पोट्टे’ ही शिवी कधीपासून झाली, हे आपल्या एखाद्या विद्वान वाचकानं कळवावं. तो कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला होता, तरी टर्नरकाकांपर्यंत पोहोचलाच. काही बोलले नाहीत. यंदा दुसऱ्या एका कॉलेजचा फोन आला, तेव्हा इतकंच म्हणाले, ‘त्या दिवशी मी सुट्टी घेतो, साहेब.’ एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. मी त्या कॉलेजला नाही म्हटलं. वक्त्यांनी आपल्या यादीत माझं नाव खुशाल लिहावं.

त्याच अठ्ठावन्नांत एक मुलगी होती, हेही लिहायला हवं. तिनं कुणी सांगायच्या आधीच दुपट्टा कमरेला गच्च बांधला होता. बाकीचे सीएनसीच्या काचेत स्वतःला बघत होते, तेव्हा ही लेथखालच्या ट्रेकडे पाहून विचारते, चिप निळी का पडते? काका खुललेच. ‘कार्बाइडची टिप आहे न बाई, गर्मी चिपसंग निंगून जाते, जॉबमंधी कमी उतरते. हेच हायस्पीड स्टीलचं टूल असतं अन् अशी निळी चिप निंगाली, त समजायचं टूलचं पाणी उतरलं.’ ‘पाणी उतरलं म्हणजे?’ तिनं विचारलं आणि वही काढली. इतक्यात हाक आली, बॅनरचा फोटो राहिला होता. ती गेली. पाण्याचं उत्तर काकांकडेच राहिलं.

बाकी परिसंवादाबद्दल काय बोलायचं! उद्योगांनी शिक्षणाला दिलं काय, असाही सवाल तिथे झाला म्हणे. याच शहरातली एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, १९४२ साली उभी राहिली ती रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण या उद्योजकानं मृत्युपत्रात विद्यापीठाला ठेवलेल्या पैशावर. तेवढा पैसा माझ्याकडे नाही. १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याची सक्ती माझ्या चौदा माणसांच्या शॉपवर नाही, तरी दरवर्षी आयटीआयची दोन पोरं मी ठेवतो. त्यांच्या बातम्या होत नाहीत, कारण ती बॅनर आणत नाहीत. आणि नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट मिळू लागल्यापासून पालकांचे जे फोन येतात ते असे, ‘साहेब, मुलाला रोज यावं लागेल का, की नुसता शिक्का मिळेल?’

दहा जण पाठवा, बंद बूट घालून, अर्ध्या दिवसासाठी. सर नाही आले तरी चालेल. काकांना मी समजावतो.

जाता जाता, हे पत्र छापलंच तर कृपया पूर्ण छापा. मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या नालीबद्दल लिहिलं होतं, त्यातला ‘नाही’ तुमच्याकडे गळाला आणि ‘नाली साफ झाली’ असं माझ्या नावानिशी छापून आलं. शेजारचे शेडवाले आजही मला विचारतात, कोणती नाली? ती अजून तुंबलेलीच आहे.

— एक लघुउद्योजक, हिंगणा एमआयडीसी, नागपूर