गिअरबॉक्स उघडण्याआधी मीटर लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तीन लाख चाळीस हजार रुपयांचं एक एस्टिमेट मी अजून जपून ठेवलं आहे. कामाच्या रकान्यात तीनच शब्द आहेत : 'एटी गिअरबॉक्स बदलणे' (एटी म्हणजे ऑटोमॅटिक). कोणता बिघाड, काय तपासलं, काय मोजलं, याची एक ओळही त्यावर नाही. शेवटी ती गाडी २,८५० रुपयांत दुरुस्त झाली आणि त्यानंतर ११ हजार किलोमीटर चालली आहे. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या बाळगणाऱ्या वाचकांच्या उपयोगाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गाडी २००९ची. पेट्रोल, चार गिअरची ऑटोमॅटिक, चारही चाकांना कायम ताकद देणारी, लो रेंज (चिखल-चढासाठी जास्त ताकदीचे, हळू गतीचे गिअर) असलेली. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला क्लच दाबणं जमेना. आमची संत्र्याची बाग काटोलजवळ आहे आणि पावसाळ्यात तिथल्या पांदण रस्त्यावरच्या काळ्या मातीत टू व्हील ड्राइव्ह गाडी जागच्या जागी फिरत राहते. तेव्हा ही गाडी माझ्यासाठी हौस नाही, गरज आहे. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर पाच हजार रुपये शुल्क भरून मी तिची पुढच्या पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करून घेतली, ती याच कारणाने.

२३ सप्टेंबर २०२३ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमच्या अंबाझरी लेआउटमध्ये गाडी फाटकाशी उभी होती. पायदानात वीतभर पाणी साचलं. पाणी ओसरल्यावर कार्पेट काढून वाळवलं, इंजिनचं आणि गिअरचं ऑइल बदललं, ब्रेक साफ केले. आठ महिने गाडी छान चालली.

मे २०२४ मध्ये, मृग बहारासाठी (पावसाच्या सुरुवातीच्या फुलोऱ्यासाठी) झाडं पाणी तोडून ताणावर सोडली होती तेव्हा, दुपारी बागेतून परतत होते. फेटरीजवळ गाडीने एक हिसका दिला, ओव्हरड्राइव्हचा (सर्वांत वरच्या गिअरचा) दिवा लुकलुकू लागला आणि गाडी तिसऱ्या गिअरवर अडकून बसली. सिग्नलवरून निघताना जड ओझं ओढावं तशी ती सरकायची. घरी येऊन बंद केली, संध्याकाळी सुरू केली तर काहीच झालं नसल्यासारखी. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाऊण तास चालल्यावर, पुन्हा तेच.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या तरुणाने स्कॅनर लावला, पाच मिनिटांत काढला आणि म्हणाला, "मॅडम, गिअरबॉक्स गेला. दिल्लीहून जुना मागवावा लागेल, त्याला वॉरंटी नाही." स्कॅनरने बिघाडाचा कोणता कोड दाखवला, ते मी विचारलं. त्याने माझ्या मागे पाहून विचारलं, "सर आले नाहीत का? त्यांना समजावतो." मला वाईट वाटलं. विद्युत मंडळाच्या आणि नंतर त्याच्या वारस कंपनीच्या टेस्टिंग विभागात माझी ३३ वर्षं गेली. रिले, ट्रान्सफॉर्मर आणि मीटर याच कामात मी निवृत्त झाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने स्क्रीन वळवून दाखवली. पी-०७५३.

या चार आकड्यांत बरंच काही सांगितलेलं असतं. पी-०७५३ म्हणजे पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडच्या (गिअर बदलण्यासाठी तेलाची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या, विजेवरच्या झडपेच्या) विद्युत मंडलात दोष. त्यात क्लचप्लेट झिजल्याचा उल्लेख नाही. आतल्या प्लेट खरोखर घसरत असतील तर बहुधा पी-०७३० किंवा त्याच्या जवळपासचा कोड येतो. गिअरमध्ये शिरणारी आणि बाहेर पडणारी गती यांचं प्रमाण जुळत नाही, असा त्याचा अर्थ. पी-०७०० आला तर तो केवळ 'गिअरच्या कंट्रोलरला विचारा' असा निरोप असतो. कंट्रोलर म्हणजे गिअर कधी बदलायचा ते ठरवणारा छोटा संगणक. पी-०७५३ आल्यावर दोष सोलेनॉइडमध्ये असेल, वायरमध्ये असेल, कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) असेल किंवा कंट्रोलरमध्ये. चार जागा आहेत, आणि त्यातल्या तीन गिअरबॉक्सच्या बाहेर आहेत. गाडी तिसऱ्यावर अडकते तेही मोडल्यामुळे नाही. सिग्नलवर भरवसा उरला नाही की कंट्रोलर सोलेनॉइडचा पुरवठा तोडतो आणि निव्वळ तेलाच्या दाबावर जो गिअर शिल्लक राहतो तो घेऊन तुम्हाला घरी पोहोचू देतो.

मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर बुखोल्झ रिले नावाचा एक पहारेकरी असतो. आत बिघाड झाला की तेलातून वायू सुटतो, तो रिलेत जमतो आणि ट्रान्सफॉर्मर बंद होतो. पण पावसाळ्यात त्या रिलेच्या टर्मिनल बॉक्समध्ये ओल शिरली, तरी तो तसाच पडतो, म्हणजे ट्रान्सफॉर्मर बंद करतो. आत काहीच झालेलं नसतं. म्हणून रिले पडला की आम्ही आधी वायू पाहायचो, तेलाचा नमुना घ्यायचो, मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचो, टर्मिनल बॉक्स उघडायचो. एवढं केल्याशिवाय टाकी उघडायची परवानगी कोणालाच नव्हती. माझ्या गाडीच्या बाबतीत त्या वर्कशॉपने रिले पडलेला पाहिला आणि थेट ट्रान्सफॉर्मर बदलायचा सल्ला दिला.

मी गाडी तिथून काढली. ऑटोमोटिव्ह चौकाजवळ एका गॅरेजवाल्यांशी आमची जुनी ओळख आहे. त्यांचा हात जीप आणि ट्रॅक्टरवर बसलेला. ऑटोमॅटिक त्यांनी फारशी उघडलेली नव्हती आणि तसं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. त्या प्रामाणिकपणामुळेच गाडी त्यांच्याकडे ठेवावीशी वाटली. कार्यशाळा पुस्तिका माझ्याजवळ होती, मीटर माझाच होता, हात त्यांचे.

पहिल्यांदा ऑइल. ऑटोमॅटिकचं ऑइल थंड गाडीत पाहून उपयोग नसतो. गाडी वीस-पंचवीस मिनिटं चालवायची, सपाट जागी उभी करायची, ब्रेक दाबून दांडा सगळ्या जागांवरून एकदा फिरवून 'पी'मध्ये आणायचा आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढायची. (माझ्या गाडीची ही रीत, काही गाड्यांत इंजिन बंद करून पाहतात आणि काहींना डिपस्टिकच नसते, तेव्हा आपली पुस्तिका पाहावी.) पातळी बरोबर होती. पांढऱ्या कापडावर थेंब टाकला, तर तांबूस, स्वच्छ. जळका वास नाही, काळे कण नाहीत. प्लेट जळाल्या असत्या तर तो वास झाकून राहत नाही.

मग स्टॉल टेस्ट. चारही चाकांना अडण्या, हँडब्रेक, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून 'डी'मध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण, आणि इंजिनचे फेरे कुठे थांबतात ते पाहायचं. पाच सेकंदांहून जास्त कधीच नाही, कारण तेवढ्यात टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागातलं) ऑइल भयंकर तापतं. फेरे पुस्तिकेच्या वर गेले तर आत घसरण आहे. खूप खाली थांबले तर इंजिन कमजोर आहे किंवा कन्व्हर्टरमधला एकदिशा क्लच गेला आहे. आमचे फेरे मर्यादेत आले. ही चाचणी वाचकांनी घराच्या अंगणात करू नये, अशी कळकळीची विनंती आहे. जाणकार माणूस आणि मोकळी जागा दोन्ही हवं.

आता मीटर. कंट्रोलरचा प्लग काढून सोलेनॉइडच्या पिनपासून बॉडीपर्यंत रोध मोजला. गाडी थंड असताना १३ ओहम. पुस्तिका म्हणते ११ ते १५. इथेच थांबलो असतो तर 'सोलेनॉइड ठीक, वायर ठीक, म्हणजे कंट्रोलर बदला' असा निष्कर्ष निघाला असता. पण बिघाड दुपारचा होता, पाऊण तासानंतरचा होता. तेव्हा मोजणीही दुपारीच करायला हवी. दुसऱ्या दिवशी दोन वाजता, पारा ४४ला असताना, कामठी रोडवर गाडी तापेपर्यंत फिरवली आणि तशीच आणून तीच पिन मोजली. मीटर कधी १५ दाखवी, वायरिंग जरा हलवलं की ७०, आणि मध्येच मंडल पूर्ण तुटलेलं. लगेच गिअरबॉक्सच्या अंगावरच्या कपलरपाशी मोजलं, तर तिथे स्थिर १५. तांबं तापलं की रोध एवढा वाढतोच. म्हणजे सोलेनॉइड धडधाकट, दोष मधल्या वाटेवर.

पायदानाचं कार्पेट उचललं. डाव्या बाजूला, आतल्या अंगाला, एक चौकोनी कपलर होता. उघडला तर चार पिना हिरव्यागार. पुराचं पाणी तिथे शिरलं होतं आणि आम्ही कार्पेट वाळवताना त्याच्या वरूनच हात फिरवला होता. आठ महिने तो गंज वाढत गेला आणि उन्हाळ्यात पिना तापून जराशा सैल होताच संपर्क सुटू लागला. गॅरेजवाले म्हणाले, "ताई, तुम्ही तार मोजून ऱ्हायल्या होत्या, अन् मी गिअर खोलाले निघालो होतो." त्याच ओघात अर्थिंगही मोजली. इंजिन सुरू, दिवे आणि एसी चालू, मीटरचं एक टोक गिअरबॉक्सच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला. ०.९ व्होल्ट. हे ०.२च्या आत असायला हवं. अर्थिंगची पट्टी काढून घासली, नवा बोल्ट लावला. नव्या पिना, दीड मीटर वायर, सोल्डर, स्लीव्ह आणि दोन दिवसांचं लेबर मिळून २,८५० रुपये.

गिअरबॉक्स कधीच जात नाही, असं माझं म्हणणं नाही. आमच्याच गल्लीतल्या एका गाडीचा त्याच पुरात खरोखर गेला. त्यांच्या डिपस्टिकवर गुलाबी दुधासारखं फेसाळ द्रव होतं. ऑइलमध्ये पाणी मिसळलं की क्लचप्लेटवरचं अस्तर फुगतं आणि त्याचा चिकटा सुटतो. मग नवं ऑइल भरूनही ती प्लेट परत धरत नाही. तिथे उघडणं योग्य होतं, खर्चही रास्त होता. (पूर न येताही असा रंग दिसला, तर रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटला आहे का ते आधी पाहावं. नाही तर नवा गिअरबॉक्सही त्याच पाण्याने जाईल.)

फोर व्हील ड्राइव्हमध्ये आणखी एक घोळ होतो. ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा) दांडा अर्धवट राहून न्यूट्रलमध्ये अडकला, तर इंजिन गुरगुरतं आणि गाडी कोणत्याच गिअरमध्ये हलत नाही. काटोलच्या एका बागायतदारांना याच लक्षणावर 'ऑटोमॅटिक बसली' असं सांगितलं गेलं होतं. डांबरी रस्त्यावर फोर व्हील लॉक ठेवून वळलं की गाडी अडखळते, चारपैकी दोनच टायर नवे घातले तरी ती ओढल्यासारखी वाटते. दोष गिअरबॉक्सच्या माथी जातो. आणि बंद पडलेली अशी गाडी पुढची चाकं उचलून टोचन करून नेऊ नये. मागची चाकं फिरत राहतात, इंजिन बंद म्हणून ऑइल पंप बंद, आणि चांगला गिअरबॉक्स वाटेतच कोरडा घासला जातो. चारही चाकं वर घेणारा ट्रक मागवावा, जरी दोन तास थांबावं लागलं तरी.

माझी मागणी साधी आहे. गिअरबॉक्स, इंजिन, कंट्रोलर असा मोठा भाग बदलायला सांगणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपने एस्टिमेटवर कोड क्रमांक, ऑइलची स्थिती आणि मोजलेली रीडिंग लिहून द्यावी, आणि काढलेला जुना भाग ग्राहकाच्या ताब्यात द्यावा. शहरातल्या वर्कशॉप चालकांच्या संघटनांनी हे स्वतःहून ठरवलं तर सर्वांत उत्तम. ग्राहकांनीही लेखी मागितल्याशिवाय होकार देऊ नये. चुकीचं निदान करून पैसे घेणं ही सेवेतली त्रुटी आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी विचारता येतं. मात्र हातात कागद असेल तरच तिथे बोलता येतं.

आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलामुलींना मीटर धरून, तापलेल्या गाडीवर, उन्हात, हा शोध प्रत्यक्ष करायला लावावा. त्या वर्कशॉपमधल्या तरुणावर माझा राग नाही. स्कॅनरने दिलेल्या कोडनंतर काय करायचं, ते त्याला कोणी शिकवलंच नव्हतं असं मला वाटतं.

तो हिरवा पडलेला कपलर आणि थंड-गरम दोन्ही रीडिंगची वही माझ्याकडे आहे. श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयला वर्गात दाखवायला हवी असतील तर मी स्वतः घेऊन येईन, गाडीसुद्धा.

आपली,
एक निवृत्त अभियंता (टेस्टिंग विभाग),
अंबाझरी लेआउट, नागपूर