नळावर शिकलेलं गुंडापाशी चालत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २ एप्रिलला, जागतिक स्वमग्नता दिनाच्या निमित्तानं, शहरांतल्या उपचार केंद्रांची माहिती छापून येते. मी ती कापून ठेवते. पण खेड्यातल्या घरात त्यातलं काय चालतं आणि काय चालत नाही, हे कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, हे तो साडेचार वर्षांचा असताना कळलं. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, पण हा शब्द मला कधी पटला नाही. गल्लीतून जाणारी बैलबंडी कुणाची, हे तो घरात बसून नुसत्या आवाजावरून ओळखतो. असं लेकरू स्वतःतच मग्न आहे, असं कसं म्हणायचं?

तो सहा वर्षांचा असताना मी त्याला घेऊन नागपूरला बहिणीकडे तीन महिने राहिले. तिथल्या केंद्रात तो हात धुवायला शिकला. नळ उघडायचा, हात ओले करायचे, साबण लावायचा, चोळायचा, धुवायचे, नळ बंद करायचा. भिंतीवर तशी चित्रं लावलेली होती. आम्ही आनंदानं गावी परतलो. आमच्या घरात तेव्हा नळ नव्हता. गुंडातून, म्हणजे पाणी भरून ठेवायच्या मोठ्या भांड्यातून, गिलासानं पाणी घ्यायचं आणि हातावर टाकायचं. पोरगं गुंडापुढं उभं राहून हवेतच नळ फिरवत राहिलं, मग मोठ्यानं रडायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, “याले तं काहीच येत नाही बाप्पा, पैसे वाया गेले.” मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

पुढं आमच्या जिल्हा परिषद शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिका ताईंनी उलगडा केला. अशी बरीच मुलं एखादं काम त्या जागेसकट, त्या वस्तूसकट शिकतात. जागा बदलली की त्यांच्यासाठी कामच नवं होतं. म्हणून जिथं करायचं, तिथंच शिकवायचं. आम्ही मोबाइलवर आमच्याच गुंडाचे, आमच्याच गिलासाचे फोटो काढले, छापून आणले आणि न्हाणीच्या भिंतीला लावले. तीन आठवड्यांत तो हात धुवायला लागला.

मला एवढंच सांगायचं आहे, की आमच्या लेकरांना रोजचं जगणं आमच्याच अंगणात, आमच्याच भांड्याकुंड्यांनी शिकवा.

ताईंनी आणखी एक गोष्ट शिकवली, ती कुठल्याही आईच्या उपयोगाची आहे. काम शेवटाकडून शिकवायचं. शर्टाची सगळी बटणं मी लावायची, फक्त शेवटचं त्यानं. ते जमलं की शेवटची दोन त्याची. काम पूर्ण झाल्याचा आनंद रोज त्याच्याच हाती येतो, त्यामुळे तो मध्येच सोडून पळत नाही. सगळी बटणं यायला चार महिने लागले.

लोक म्हणतात, “अवं, पाहून पाहून शिकते लेकरं, कायले एवढं?” इतर मुलं शिकतात, हे खरं आहे. खेड्यात पोरं अंगणातच आंघोळ करतात आणि एक दिवस कुणी न सांगता त्यांना लाज वाटू लागते, ती आपणहून आडोसा शोधतात. माझ्या मुलाच्या बाबतीत तो दिवस आपोआप आला नसता. दहाव्या वर्षापासून आम्ही त्याला न्हाणीचा पडदा ओढायला, कपडे घालूनच बाहेर यायला आणि अंगाला कुणी हात लावला तर “नाही” म्हणायला शिकवलं. ओळखीतल्या एका मुलीची शाळा पाळी सुरू होताच बंद झाली, कारण तिला पॅड बदलता येत नव्हता. तिच्या आईला कुणी सांगितलं असतं, की पाळी येण्याआधीच अधूनमधून तासभर कोरा पॅड लावून सवय करता येते, तर ती पोरगी आज वर्गात असती. हे बोलायला बाया लाजतात. मी लाजणं सोडलं आहे.

आमच्या भागात आणखी एक धडा लागतो, तो मी कुठल्याच छापील अभ्यासक्रमात पाहिला नाही. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. कास्तकाराच्या घरात औषधाचे डबे असतातच, आणि माझ्या मुलाला बाटली दिसली की तोंडाला लावायची सवय होती. औषधाच्या डब्यावर पतंगासारखा उभा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. आधी मी त्याला “लाल म्हणजे विष” असं शिकवत होते. मग लक्षात आलं, की हा तर हिरवा डबा बिनधास्त उघडेल. आता रंग सोडून दिला, चौकोन शिकवला. चौकोन दिसला की हात मागं घ्यायचा आणि मला हाक मारायची. थंड्याच्या रिकाम्या बाटलीत औषध काढून ठेवणं घरानं कायमचं बंद केलं, कारण तिथं त्याचं शिकलेलं काही कामाचं नाही.

एकदा एका तपासणीत त्याच्यापुढं सरकता जिना, सिग्नल आणि लिफ्टची चित्रं ठेवली आणि “व्यवहारज्ञान कमी” असं लिहून दिलं. सरकता जिना त्यानं जन्मात पाहिला नाही. तोच मुलगा आठवडी बाजारात माझ्याशेजारी बसून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकतो. एक जुडी, दहाची एक नोट. सुटे पैसे त्याला कळत नाहीत, म्हणून आम्ही भावच तसा ठेवला आहे. परतीच्या एसटीत तो स्वतःचं कार्ड काढून कंडक्टरला दाखवतो. हे कुणी लिहून घेत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं, त्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमताही आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हे शिक्षण फक्त अक्षरांचं समजू नये. शिक्षण विभागानं विशेष शिक्षकांना महिन्यातून एकदा तरी घरी यायला वेळ द्यावा, आणि मुलाची शिक्षण-योजना घराची न्हाणी, चूल, विहीर पाहून लिहावी. एकेका ताईकडे कितीतरी शाळा असतात, त्यांनाही धावायला मर्यादा आहे. म्हणून अंगणवाडी सेविका आणि घरच्या आजीलाही सोबत बसवून शिकवावं. आमच्या सासूबाईच आता त्याला तूर निवडायला शिकवतात, आणि त्यांच्याइतका धीर मला नाही.

ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते बहुधा वर्षाच्या शेवटी थोडे थोडे वाटून संपतात. त्यातून शाळेच्या शौचालयाला आतून लागणारी कडी, फोटोंचे तक्ते आणि दोन दिवसांचं पालकांचं प्रशिक्षण एवढं तरी व्हावं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी हा विषय सरपंचांना लेखी देणार आहे. ज्यांच्या घरी असं लेकरू आहे, त्यांनीही आपापल्या गावात द्यावा. अर्जात निधी किती आहे ते विचारा, आणि पोच घ्यायला विसरू नका.

आपली,
एक आई
ता. आर्णी, जि. यवतमाळ