खांब कलतो तेव्हा

अलिबाग
श्रावण

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र टिपणारं आमच्या वेधशाळेतलं फ्लक्सगेट यंत्र दर सेकंदाला आपोआप आकडे देतं, मग दर आठवड्याला माणसाने थिओडोलाइटला, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीला, डोळा लावून का बसायचं, असं तू विचारलंस. या कामाचा जीव त्याच प्रश्नात आहे.

फ्लक्सगेट बदल चोख सांगतं. सकाळपासून क्षेत्र ३० नॅनोटेस्लांनी (हे त्याचं एकक) वाढलं हे त्याला कळतं, पण एकूण किती आहे हे त्याच्या भरवशावर सांगता येत नाही. त्यात कोकणातला पाऊस. माती फुगते आणि सेन्सरचा खांब केसभर कलतो. इथलं आडवं क्षेत्र, म्हणजे जमिनीला समांतर घटक, सुमारे ३८,००० नॅनोटेस्ला. खांब उत्तर-दक्षिण दिशेत कोनाच्या १ सेकंदाने (अंशाच्या ३६००व्या भागाने) कलला, तर त्यातलं जवळपास ०.२ नॅनोटेस्ला उभ्या घटकात शिरतं. १ मिनिटाने कलला तर ११. आलेखावर हे पृथ्वीच्या गाभ्यातल्या मंद बदलासारखंच दिसतं. मला भीती वाटते ती याचीच.

म्हणून निरपेक्ष मोजणी, म्हणजे क्षेत्र प्रत्यक्ष किती आहे तेच मोजणं. थिओडोलाइट बिनचुंबकी हवा, त्याच्या दुर्बिणीवर छोटा फ्लक्सगेट बसवलेला. आधी जिची दिशा माहीत आहे अशी लांबची ठरलेली खूण वाचायची. मग दुर्बीण आडवी ठेवून सेन्सर वर-खाली आणि पूर्व-पश्चिम अशा चार स्थितींत शून्य गाठायचं, म्हणजे सेन्सरचा आकडा शून्य होईल तो कोन शोधायचा. सेन्सर दुर्बिणीला नेमका समांतर कधीच नसतो. चारांच्या सरासरीत ती चूक उडून जाते. यातून दिक्पात मिळतो, म्हणजे खऱ्या उत्तरेपासून चुंबकीय उत्तर किती हटलीय तो कोन. मग चुंबकीय याम्योत्तरात, म्हणजे चुंबकीय उत्तर-दक्षिण दिशेच्या उभ्या प्रतलात, पुन्हा चार स्थिती, त्यातून नतिकोन, म्हणजे क्षेत्र आडव्या पातळीपासून किती झुकलंय तो कोन. शेवटी खूण परत वाचायची. पहिल्या वाचनाशी जुळली नाही तर यंत्र हललंय, सगळं पुन्हा. एकूण तीव्रता प्रोटॉन मॅग्नेटोमीटर देतो. या तिन्हींवरून काढलेले घटक आणि त्याच मिनिटाचे फ्लक्सगेटचे आकडे यांतला फरक म्हणजे आधाररेषा. खांब कलला की ती सरकते, आणि आपल्याला कळतं.

चार स्थितींतला नेहमीचा फरक अचानक बदलला तर आधी स्वतःचे खिसे तपासायचे. किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, चष्म्याची काडी, चपलेतला खिळाही पुरतो. चुंबकीय वादळ चालू असेल, म्हणजे सूर्यामुळे क्षेत्र जोरात हलत असेल, तर थांबावं. पावसाळ्यात भिंगावर बाष्प धरतं, तेव्हा यंत्र अर्धा तास आधी पेटीबाहेर काढून ठेवावं. आणि मोजणीच्या नव्या खोलीला जांभा वापरायचा मोह नको. त्यात लोह आहे.

मुंबईत विजेच्या ट्रामा येणार आणि त्यांच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार म्हणून कुलाब्याची वेधशाळा १९०४ साली इथे आली, पण १९०६पर्यंत दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली होती. त्या दोन वर्षांच्या ताळमेळामुळेच कुलाब्याचे जुने आकडे आजच्या आकड्यांना जोडता येतात.

येशील तेव्हा सकाळी लवकर ये, आणि मोटारसायकल फाटकाबाहेरच लाव.

तुझा मित्र