आई, माझ्या हाडाची वाट बघू नकोस

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नोकरी सोडल्याचं सुलूमावशीनं माझ्या आधी सांगितलंच आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करते. हो, सोडली. महिनाअखेरीस शेवटचा दिवस. कुणाशी भांडण नाही, कुणी काढलेलं नाही, तब्येत उत्तम आहे, आणि आई, यामागे कुणी मुलगाही नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांनी आखलेल्या, हाडांत बसवायच्या प्लेटा आणि स्क्रू तपासले. काम वाईट नव्हतं, पगारही वेळेवर व्हायचा. पण माझं स्वतःचं काम मी रात्री आणि रविवारी करत होते, ते आता दिवसाउजेडी करायचंय. राजीनामा मागे घ्यायचा प्रश्न नाही, म्हणून त्यावर फोन करू नका. बाकी कशावरही करा.

बाबा, हे दादाच्या होडीसारखं नाही. मी कुणाकडून उसने घेतलेले नाहीत आणि कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबलेली नाही. केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेकडून नव्या संशोधनाला बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट मिळतं, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. ते कर्ज नव्हे, परत फेडायचं नसतं. पण प्रत्येक टप्प्याला हिशोब द्यावा लागतो आणि काम दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. तुम्हाला ही पद्धत आवडेल. माझ्या भाड्याचे आणि खाण्यापिण्याचे पैसे मी आधीच बाजूला काढले आहेत. तेव्हा कलमांवर कर्ज काढायचं मनातही आणू नका. वाडीतलं एकही झाड माझ्यापायी गहाण पडता कामा नये.

आणि आई, मी जेवते. खोली तीच आहे, खिडकीला जाळी बसवली, डास येत नाहीत. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी डबा, रात्री तुझं आमसूल घालून सार. कोलीम संपायला आलीय, पण त्यासाठी कुणाच्या हाती पार्सल पाठवू नकोस. मागच्या वेळी अख्ख्या एसटीला वास आला होता म्हणे.

आता खरं बोलायचंय ते. बाबांनी सांगितलं की डॉक्टर गुडघा बदला म्हणाले तरी तू सगळ्यांना एकच सांगतेस, "माझी लेक हाडं करत्ये, तिची झाली की बसवीन." देवळात सांगितलंस, बचतगटात सांगितलंस, मासेवालीलाही सांगितलंस. मला ऐकून काय वाटलं ते लिहीत नाही. पण आई, मी करतेय ते तुझ्या गुडघ्यासाठी नाही. उद्या सकाळी तयार झालं तरी तुझ्या उपयोगाचं नाही. माझी वाट बघत तू दोन पावसाळे पायऱ्या बसून उतरलीस, आता तिसरा नको.

तुझं दुखणं हाडाचं नाही, कूर्चेचं आहे. मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये जी गुळगुळीत गादी असते, ती झिजलीय. त्या गादीत रक्तवाहिन्याच नसतात. पेशी असतात त्याही विरळ. त्यामुळे बोट कापलं तर भरून येतं, तशी ती येत नाही. कूर्चा वाढवायचे प्रयोग जगभर चालू आहेत, पण ते बहुतेक तरुण माणसाच्या रुपयाएवढ्या खळग्यासाठी. तुझा एक्सरे मी पाहिलाय. तिथे आता खळगा राहिलेला नाही, हाडाला हाड टेकलंय. यात तुझा काही दोष नाही. भात लावून, पाणी वाहून आम्हाला वाढवलंस त्याचंच ते आहे, आणि त्याची भरपाई मला माझ्या हातानं करता येत नाही, हे मला टोचतं.

मग मी करते काय? बंड्याच्या पायाचं आठवा. हातखंब्याला अपघात झाला तेव्हा नडगीचा तुकडाच गेला होता आणि कमरेचं हाड काढून तिथे लावलं. पाय जुळला, पण कमरेची जखम कितीतरी दिवस ठणकत होती. "पाय बरा, कंबर मोडली," असं तो म्हणायचा. अजूनही बहुतेक ठिकाणी तेच करतात, कारण स्वतःच्या हाडासारखं दुसरं काही नाही. कंबर न कापता ती पोकळी भरता यावी, यासाठी माझी सगळी खटपट.

आणि त्यासाठी मी वापरते काय, सांगू? समुद्रफेस. काळबादेवीच्या पुळणीवर मी फ्रॉकच्या ओच्यात भरून आणायचे तो. कान फुटला की आजी उगाळायला घ्यायची तो. म्हाकूलाच्या पाठीतली ती पांढरी, हलकी ढलपी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि आत एकावर एक मजले, मध्ये बारीक खांब. एवढी पोकळ असूनही समुद्राचा दाब सोसते. फॉस्फेटच्या पाण्यात घालून बंद भांड्यात २०० अंशांच्या आसपास तापवत ठेवली की मजले आणि खांब तसेच राहतात, द्रव्य मात्र बदलतं. त्याचं हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट होतं, म्हणजे आपल्या हाडातलं खनिज ज्या जातीचं असतं ते. ही युक्ती माझी नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत पोवळ्यावर ती करून दाखवली गेली. आपल्याकडे पोवळ्याला कायद्यानं हात लावता येत नाही, आणि लावूही नये. समुद्रफेस मात्र मिरकरवाड्याला कचऱ्यात जातो.

परसात तू पडवळाला मांडव घालतेस ना, तसं ते काम आहे. हाडाच्या पेशी वेलासारख्या त्यावर चढतात. फरक एवढाच की वेल जून झाला की या मांडवानं आपणहून विरघळून जायचं. लवकर विरघळला तर वेल कोसळतो, उशीर केला तर वेलाला जागा उरत नाही. नुसतं हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइट फार सावकाश विरघळतं, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळलं की वेग वाढतो. किती मिसळायचं, आणि भोकं केवढी ठेवायची म्हणजे आत रक्तवाहिन्याही शिरतील, यात माझे दिवस जातात. मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं भोक बरं असतं. त्याहून फार मोठी केली तर तुकडा चिमटीतच मोडतो.

गणपतीत मी दुसऱ्याच दिवशी निघाले, तू बोलली नाहीस पण भाकरी थापताना तुझं तोंड मला दिसत होतं. त्या पेशींसाठी निघाले होते. ३७ अंशांच्या कपाटात, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये त्या वाढतात. त्यांचं गुलाबी खाणं दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं, नाहीतर मरतात. त्यांना सणवार कळत नाही. आमच्याकडे एक जात आहे, साओस-२ नावाची. १९७३ मध्ये ११ वर्षांच्या एका मुलीच्या हाडाच्या कॅन्सरमधून घेतलेल्या त्या पेशी. इतक्या वर्षांनी अजून वाढताहेत, जगभरच्या प्रयोगशाळांत. पहिल्यांदा हे वाचलं त्या दिवशी मी तुला उगाचच फोन केला होता आणि तू विचारलंस, "रडत्येस का?" सर्दी झालीय म्हणाले होते.

बाबा, तुम्ही विचाराल की हे कधी बाजारात येणार. लवकर नाही. पेशी झाल्या की ससे (आई, त्यांना भूल देतात, दुखू देत नाहीत, आणि त्यासाठी समितीची परवानगी लागते), मग मोठी जनावरं, मग माणसं. २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम आहेत आणि शरीरात विरघळणाऱ्या वस्तूला ते सगळ्यात कडक लागतात. ते तसेच असावेत असं मला वाटतं. का, ते सांगते, कारण ही गोष्ट तुम्हाला आवडेल.

इंग्लंडात जॉन चार्नली नावाचा मोठा हाडांचा डॉक्टर होता. खुब्याचा कृत्रिम सांधा त्यानं टेफ्लॉनची वाटी घालून बसवला. रुग्ण चालत घरी गेले, सगळे खूश. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, त्या चुऱ्यानं आतलं मांस बिघडलं, आणि जवळपास ३०० जणांचं निस्तरावं लागलं. चार्नलीनं टेफ्लॉनचा चुरा स्वतःच्या मांडीत घालून पाहिला, तिथेही गाठी झाल्या. मग त्याच्या हाताखालच्या हॅरी क्रेव्हन नावाच्या तंत्रज्ञाला एका विक्रेत्यानं नवं प्लास्टिक दिलं. कापड विणायच्या मागांच्या गिअरसाठी वापरायचं ते. चार्नलीनं नख रुतवून पाहिलं, म्हणाला, वेळ फुकट घालवू नकोस, आणि कोपनहेगनला निघून गेला. क्रेव्हननं तरी ते घासायच्या यंत्रावर चढवलं. तीन आठवडे रात्रंदिवस घासूनही, टेफ्लॉन एका दिवसात झिजायचं तेवढंसुद्धा ते झिजलं नाही. नोव्हेंबर १९६२ पासून चार्नली तेच वापरू लागला. आईच्या गुडघ्यात दोन धातूंच्या मध्ये बसणार आहे तो तुकडा त्याच जातीचा, पॉलिथिलीनचा. आणि सांधा हाडाला धरून ठेवणारं सिमेंट म्हणजे तुमच्या कवळीचा गुलाबी भाग आहे ना, त्याचंच अ‍ॅक्रिलिक. तेही दातांकडूनच हाडांकडे आलं. तुमच्या तोंडात ते इतकी वर्षं गुण्यागोविंदानं राहिलंय, आईच्या पायातही राहील.

म्हणून म्हणते, आई, नव्याची हौस करायची जागा तुझा गुडघा नव्हे. तिथे जुनं, झिजवून तपासलेलंच हवं. बाबांना आकडे लागतात, तर २०१९ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात आलं होतं: बदललेल्या १०० गुडघ्यांतले साधारण ८२ पंचवीस वर्षं टिकतात. पैशाचं म्हणाल तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा साधा सांधा तेव्हा ५४,७२० रुपयांवर आला. त्याआधी कुणी किती लावायचं त्याला धरबंध नव्हता. ऑपरेशनचे आणि खोलीचे पैसे मी राजीनामा देण्याआधीच वेगळे ठेवलेत. ते मोडायची मला परवानगी नाही, मीच दिलेली नाही.

रत्नागिरीतल्या डॉक्टरांशी बोलून डिसेंबरचा दुसरा आठवडा धरलाय. आधी उजवा, डाव्याचं नंतर बघू. मोहोर येईल तेव्हा तू काठी घेऊन खळ्यात फिरशील आणि आंब्याच्या पेट्या भरायच्या वेळेला, देवाच्या दयेनं, बाबांच्या डोक्यावर उभी राहून ओरडशील. तुला नको असेल तर जबरदस्ती नाही. पण नको म्हणायचं तर भीती वाटते म्हणून म्हण. माझी वाट बघतेस म्हणून नको.

आता दोघांनी ऐका. आईच्या दाताची कीड आधी काढून घ्यायची, तोंडातलं इन्फेक्शन नव्या सांध्याला लागू शकतं. साखर तपासायची, तीन महिन्यांची. बाबांची रक्त पातळ व्हायची गोळी बाबांची आहे, ती "एकच तर" म्हणून आईनं घ्यायची नाही. संडासात कमोड बसवायला मिस्त्री बुधवारी येईल, त्याला चहा द्या, सल्ले देऊ नका. आई आता उकिडवी बसणार नाही. विळी माळ्यावर जाईल, ओट्यावर सुरी वापरायची, नारळ बाबा खवतील. त्यांना येतं, त्यांनी तुला कधी कळू दिलं नाही. माजघरातली पायपुसणी सगळी गुंडाळा. न्हाणीघरात धरायला दांडा लागेल. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीच उभी करतील, तेव्हा "पोरगी माझी मारत्ये" असं नर्सला सांगायचं नाही. व्यायाम करवून घ्यायला मी आहे. ग्रँटचं काम महिनाभर सहकारी बघेल, पेशींना कोण खायला घालणार ते ठरलंय.

शनिवारी सकाळी येते, आंबा घाटातून. स्टँडवर आणायला कुणी यायचं नाही. एक्सरे आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवा.

तुमची,
मनू

ता. क. आई, मशेरी आजपासून बंद. तंबाखूनं हाडही उशिरा धरतं आणि जखमही उशिरा भरते. बाबा, डबा तांदळाच्या पिंपात तळाशी असतो.