बंड्यास पत्र: सरांना कसं सांगू?

प्रिय बंड्या,

आठ महिने झाले, पत्र नाही की फोन नाही. तुझे दोन मेसेज आले, दोन्ही वाचले आणि दोन्ही वेळा "रात्री निवांत लिहितो" म्हणून ठेवून दिले. ती निवांत रात्र काही आली नाही. रागवायचं तेवढं रागव, पण आधी हे वाचून घे, कारण हे दुसऱ्या कुणाला लिहिण्यासारखं नाही. सरांकडे ट्रायथलॉनचं (पोहणं, सायकल, धावणं) कोचिंग चालू ठेवायचं की नाही, यात अडकलोय. घरी सांगितलं तर "मग बदल ना कोच, त्यात काय एवढं" म्हणतात आणि विषय संपतो. ग्रुपवर बोलायची सोय नाही, तिथे सगळे सरांचे. तू मात्र या दारातून एकदा बाहेर पडलेला आहेस, आणि त्या वेळी दारात आडवा उभा राहिलो होतो तो मीच.

तब्येत बरी. रक्तदाब गोळीवर शांत आहे. डाव्या खांद्याचं पुढे सांगतो.

झालं असं. मागच्या मंगळवारी प्लॅनमध्ये होतं: ट्रेनरवर, म्हणजे घरातल्या जागच्या जागी चालणाऱ्या सायकलीवर, ८ मिनिटांचे ४ सेट, २५५ वॉटच्या ताकदीनं. पंखा पूर्ण वेगात लावला, दोन बाटल्या भरून घेतल्या आणि बसलो. पहिला सेट दात-ओठ खाऊन काढला. दुसऱ्यात सहाव्या मिनिटाला आकडा २३०वर घसरला तो वर येईना. तिसऱ्यात तीन मिनिटं झाली आणि पाय थांबलेच. दुखले वगैरे नाहीत, नुसते थांबले, पेडल पुढे जाईना. उतरून सायकलीशेजारी जमिनीवर बसलो. पुढच्या चाकाखाली घामाचं डबकं झालं होतं, त्यात पंख्याची सावली फिरत होती, तीच बघत बसलो कितीतरी वेळ. सलग दुसरा आठवडा होता हा. ४६ वर्षं झाली, संपलं आपलं, असं अगदी स्वच्छ वाटलं. सरांना लिहिलं, "जमलं नाही." उत्तरादाखल अंगठा आला.

बुधवारी रात्री झोप येईना म्हणून प्लॅनची फाइल पुन्हा उघडली. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात: एफटीपी २६८, म्हणजे साधारण तासभर रेटता येतील एवढे वॉट. बंड्या, माझा एफटीपी २१२ आहे! फेब्रुवारीत टेस्ट दिली तेव्हा २० मिनिटांची सरासरी २२३ आली होती, त्याचे ९५ टक्के म्हणजे २१२. तुझं गणित चांगलं आहे, तूच कर. २५५ म्हणजे ज्याची ती फाइल असेल त्याच्या एफटीपीचे ९५ टक्के आणि माझ्या १२० टक्के. आठ-आठ मिनिटं, चार वेळा. कोण करेल? मग रविवारचा चौकोन वाचला. तिथे लिहिलं होतं, "रात्रपाळी करून आला असशील तर आधी झोप, राइड संध्याकाळी."

मी आयुष्यात रात्रपाळी केलेली नाही.

आकडा चुकल्याचं एवढं लागलं नाही रे. त्या रात्रपाळीच्या ओळीनं लागलं. म्हणजे सर अजूनही तसं लिहितात, माणूस कसा जगतो ते बघून लिहितात. फक्त ते कुणा दुसऱ्यासाठी होतं, माझ्या वाट्याला त्याची नक्कल आली.

सकाळी फोन केला. सर म्हणाले, "अरे, चुकून गेली असेल फाइल. तू काय नवा आहेस का? झेपत नाही म्हटल्यावर आपलं आपण कमी करायचं ना!" आणि मागून कुणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला. आपल्या वेळी सात जण होतो. आता साठाच्या वर आहेत.

आता ते भांडण काढतोच. तू सरांना सोडलंस त्या दिवशी पार्किंगमध्ये, सगळ्यांच्या देखत, मी तुला कृतघ्न म्हणालो. तू शांतपणे म्हणालास, "क्रिसी वेलिंग्टननं आयर्नमनची, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनची, जगज्जेती असताना कोच बदलला, पुढे डेव्ह स्कॉटकडे गेली, परत जिंकली. ती पण कृतघ्न का?" आणि मी, डेव्ह स्कॉटचं नाव निघाल्यामुळेच जास्त भडकून, त्याचा जुना प्रतिस्पर्धी मार्क ॲलन मध्ये आणला. सहा वेळा कोनाला, हवाईतल्या आयर्नमन शर्यतीत, हरला, पण टिकून राहिला म्हणून १९८९ साली स्कॉटला ५८ सेकंदांनी मागे टाकलं, वगैरे. तू म्हणालास, टिकून राहिला तो शर्यतीला, कोचला नव्हे. मला उत्तर सुचलं नाही म्हणून गाडीत बसून निघून गेलो आणि चार महिने तुझ्याशी बोललो नाही. बंड्या, तो शब्द मी मागे घेतो. तीन वर्षं उशिरा घेतो, पण मनापासून घेतो. (ॲलन मोठा की स्कॉट, हे भांडण मात्र चालू ठेवायचं. तिथे मी एक पाऊल मागे येणार नाही.)

पण सोडणं मला तुझ्याइतकं सोपं नाही, हेही ऐक. तू पोहत आला होतास. मी ३८व्या वर्षी छातीइतक्या पाण्यात कठडा धरून उभा राहायचो. सरांनी डोक्यामागे एक हात आणि कमरेखाली दोन बोटं ठेवून मला पाठीवर झोपवलं, "पाणी तुला धरून आहे, तू पाण्याला धरू नकोस" म्हणाले, आणि बोटं कधी काढून घेतली ते मला कळलंच नाही. वरचं छत दिसत होतं, कान पाण्यात होते, स्वतःचा श्वास मोठा ऐकू येत होता. आजही शर्यतीच्या सुरुवातीला गर्दीत छाती भरून आली की मी दहा सेकंद पाठीवर होतो आणि ते छत आठवतो. मग सुरळीत होतं. हे कुणाला परत करायचं आणि कसं?

आणि बाबा गेले तो आठवडा. तुला माहीतच आहे, तू होतासच. त्या आठवड्याच्या प्लॅनमध्ये सातही चौकोन रिकामे होते आणि सगळ्यात खाली एक ओळ होती, "चाल. जमेल तेवढं." तो कागद माझ्याकडे अजून आहे. परवा तो काढला आणि २६८वाल्या फाइलशेजारी ठेवला. दोन्हीकडे तोच माणूस, हेच तर पटत नाही.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षीच्या हाफमध्ये (निम्म्या अंतराच्या आयर्नमनमध्ये) धावायचे शेवटचे आठ किलोमीटर मी चाललो, ते तुला कळलंच असेल. सर म्हणाले, "मनानं हरलास." वर्षभर तेच धरून बसलो, मन घट्ट करायला काय काय केलं ते सांगत नाही. दोन आठवड्यांपूर्वी एकीनं एका कोचबाईंचं नाव सुचवलं आणि मी, खोटं कशाला सांगू, चोरून बोललो त्यांच्याशी. त्यांनी त्या शर्यतीची फाइल मागवून घेतली आणि पाच मिनिटांत म्हणाल्या, "तुम्ही सायकलचे पहिले ४५ किलोमीटर एफटीपीच्या ८८ टक्क्यांनी मारलेत. तुमच्या वेगाच्या माणसानं हाफमध्ये ७५च्या आसपास राहायला हवं. दुसऱ्या निम्म्यात वॉट खाली आलेत आणि हार्ट रेट तरी वर चढतोय. खाल्लंत किती?" मी म्हटलं, तासाला एक एनर्जी जेल. म्हणजे पंचवीसेक ग्रॅम कार्ब. त्यांनी सांगितलं, एवढ्या लांब शर्यतीत तासाला ६० ग्रॅम तरी हवेत, पोटाला सवय लावली आणि ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज घेतलं तर ९०पर्यंत जाता येतं, कारण एकट्या ग्लुकोजला आतड्यातून शिरायची वाट साधारण ६० ग्रॅमलाच भरून जाते. "तुमचं मन धावायला लागलं तेव्हा पायात काही उरलंच नव्हतं," असं त्या म्हणाल्या. मी फोन खाली ठेवून पाणी प्यायलो. वर्षभर मी स्वतःला भित्रा समजत होतो, बंड्या.

चाळीस मिनिटं बोलल्या आणि त्यातली निम्मी नुसते प्रश्न विचारत होत्या. झोप किती, काम कुठल्या वेळेला, खांदा कधी दुखतो, हात आत जाताना की ओढताना. सरांनी दीड वर्षात खांद्याचं विचारलेलं नाही. पाण्याखालचा व्हिडिओ मागितला, तो पाठवला. डावा हात डोक्यासमोरची मधली रेष ओलांडून पलीकडे पडतोय. श्वास उजवीकडे घेताना हा आधाराला आत वळतो. हेच सरांना एके काळी काठावरून, चार लेन पलीकडून दिसायचं! तिथून ओरडायचे, "डावा बाहेर!" आता काठावर उभे असतात आणि नजर फोनमध्ये असते. तिकडे ५९ जणांचे मेसेज येत असणार.

पण बाई कधी काठावर उभ्या राहणार नाहीत. सगळं लांबून. आकडे बघून जे कळतं ते त्यांना कळेल. पण मी सोमवारी पाण्यात उतरताना खांदे पाडून उतरलो हे कुठल्या फाइलमध्ये येतं? सर ते बघून सेट फाडून टाकायचे आणि म्हणायचे, "आज नुसता तरंग." असा माणूस मी साठातला एक झालो म्हणून सोडायचा, की मी परत सातातला होईन या आशेवर थांबायचं? इथेच अडलोय. रोज रात्री एकदा सोडतो आणि सकाळी तलावावर त्यांना बघितलं की परत धरतो.

तू म्हणशील, दोघांना ठेव, पोहणं सरांकडे आणि बाकीचं बाईंकडे. केलाय विचार. सर सकाळी अंगात आलं की तीन किलोमीटरचा जोरदार सेट देणार, बाईंना ते माहीत नसणार, आणि संध्याकाळी त्यांनी दिलेले इंटरव्हल मी मेलेल्या पायांनी करणार. दोन कोच म्हणजे दोघांचा मिळून थकवा एकाच अंगावर. आणि परत लपवाछपवी. ती मला झेपत नाही. त्या चोरून केलेल्या फोननंतर दोन दिवस मी सरांच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

बाईंनी एक अट घातली आहे आणि त्या अटीमुळेच त्या मला जास्त आवडल्या. म्हणाल्या, "तुमच्या सरांना सांगितल्याशिवाय मी तुम्हाला घेणार नाही. आणि शर्यतीला ११ आठवडे राहिलेत, आता सगळं उलथंपालथं करणार नाही. घेतलंच तर फक्त वॉट आणि खाणं सुधारू. बाकी शर्यतीनंतर." म्हणजे सगळं येऊन थांबलंय त्या एका बोलण्यावर. शर्यत होईपर्यंत गप्प राहावं हा मोह आहेच. पण मग ११ आठवडे सरांच्या फाइलमध्ये हिरवा टिक करायचा आणि करायचं भलतंच. बाबांच्या आठवड्यात ज्यानं ती ओळ लिहिली त्याच्याशी असं वागणं मला जमायचं नाही.

बंड्या, हे लिहिता लिहिता एक कळलं. मला सोडायचं की नाही हा प्रश्न उरलेला नाही. रात्रपाळीची ओळ वाचली तेव्हाच मी सोडलं होतं. सांगायचं कसं, एवढंच राहिलंय. साठ जणांची तक्रार मी करणार नाही, फाइलचंही परत काढणार नाही. आभार मानले तर निरोपाच्या भाषणासारखं होईल. नुसतं "सर, थांबतो आता" म्हटलं तर ते "बरं" म्हणतील आणि शिट्टी वाजवून पुढच्या लेनकडे जातील, आणि मला तेच सगळ्यात जड जाईल. तू काय म्हणाला होतास? पहिलं वाक्य कुठलं होतं? ते काय म्हणाले? तीन वर्षांत मी तुला हे कधी विचारलं नाही.

तुझं काय चाललंय? नव्या जागेत बसलास का नीट? मुलीचा निकाल लागला असेल, मी साधं विचारलंही नाही, तिला माझ्याकडून शाबासकी दे. गुडघ्याचं काय म्हणतात डॉक्टर? धावायला लागला असशील तर सावकाश. आणि हो, सायकल ठेवून हेल्मेटसकट धावत सुटला होतास, तो फोटो परवा सापडला. दीड किलोमीटर! लोक टाळ्या वाजवत होते आणि तू हात हलवत होतास. खूप हसलो आणि मग तुझी फार आठवण आली, तेव्हाच हे पत्र लिहायला बसलो.

रविवारी पोहणं झालं की सर टॉवेल खांद्यावर टाकून उथळ बाजूच्या बाकावर दहा मिनिटं एकटे बसतात. अजूनही बसतात. तिथे जाऊन शेजारी बसणार आहे. शनिवारी रात्री फोन करशील का? कितीही वाजता कर, जागाच असेन.

तुझाच,
बापू