पोलिसांना कोर्टात प्रश्न विचारायचे, पण कशाच्या जोरावर?

माननीय गृहमंत्री महोदय, नमस्कार.

स्पीडवरून चलन आलं की जो तो सांगतो, दंड भर आणि मोकळा हो, कशाला कोर्टाची पायरी चढतोस. मी चढलो, तेही वकील न देता. ज्यांनी चलन केलं ते हवालदार साक्षीला आले, जज साहेब म्हणाले विचारा काय विचारायचंय, आणि मला कळेना सुरुवात कुठून करू, कारण माझ्या हातात त्या चलनाशिवाय दुसरा कागदच नव्हता.

रडार गन शेवटची कधी तपासली होती? म्हणाले, रेग्युलर होते. सर्टिफिकेट? ऑफिसला आहे. त्या वेळी रस्त्यावर अजून किती गाड्या होत्या? त्यांनी खिशातून डायरी काढली, पानं उलटली, माझ्या पानावर गाडी नंबर, वेळ आणि स्पीड, बस. मग खरं तेच बोलले, "आठवत नाही." त्यांच्यावर माझा अजिबात राग नाही, दिवसभर गाड्या अडवणाऱ्या माणसाला माझीच गाडी कशी आठवणार?

पण गाड्यांचं मी उगाच नव्हतं विचारलं. रडारचा झोत टॉर्चच्या उजेडासारखा पसरत जातो, 12 अंशांचा असेल तर 300 मीटरवर 60 मीटरपेक्षा रुंद होतो, म्हणजे सगळ्या लेन त्यात आल्या, आणि शेजारून मोठा ट्रक जोरात जात असेल तर आकडा त्याचाही असू शकतो. लेझर गनचा ठिपका तेवढ्याच अंतरावर साधारण मीटरभर असतो, म्हणून गन कुठली हे आधी कळायला पाहिजे. (गन तिरकी धरली होती हा मुद्दा मात्र कोणी काढू नका, पोलीस एका जागी उभे असतील तर कोनामुळे स्पीड उलट कमीच दिसतो, 10 अंशाला 100 चा साधारण 98.)

साहेब, मागणी एवढीच आहे. चलनाला कोणी हरकत घेतली की गनचं मॉडेल, तपासणीचं सर्टिफिकेट आणि डायरीच्या त्या पानाची कॉपी तारखेच्या आधी त्याच्या हातात पडावी, मागायला न लावता. आणि हवालदारांना सांगा, चलन करतानाच चार ओळी जास्त लिहा, कुठे उभा होतो, गाडी किती लांब होती, आजूबाजूला काय होतं, ड्युटीच्या सुरुवातीला गन चेक केली का. कित्येक महिन्यांनी साक्षीला उभं राहताना त्या ओळी त्यांच्याच कामाला येतील, आणि माझ्या हातात त्या आधी पडल्या असत्या तर कदाचित मी दंड भरून घरी बसलोही असतो.

आपला,
एक वाहनचालक